मोरी म्हणजे मालक

"या शुक्रवारी माझ्याकडे ये. बायकोला, मुलीला घेऊन ये. तुझ्यासाठी कोंबडा आणलाय," तो म्हणाला.

मला वाटलं, जेवायला बोलावतोय. म्हटलं, "कोंबडी म्हण. कोंबडा चिवट लागतो."

"नाही, कोंबडाच. पांढरा. जिवंत आहे. त्याला हातात धरून तुझ्या नावाने बोलायचं आहे."

माझं हसू तिथेच थांबलं.

बहारीनमध्ये बंदराजवळच्या एका मोठ्या कोल्ड स्टोरेजमध्ये आम्ही दोघं कामाला होतो. मांस, मासे, फळं साठवायच्या खोल्या थंड ठेवणारी अमोनियाची यंत्रं सांभाळायची, हे आमचं काम. मी रत्नागिरी जिल्ह्यातला, आयटीआय करून आधी मुंबईत आणि मग आखातात आलेला. तो इंडोनेशियातल्या फ्लोरेस नावाच्या बेटावरचा. त्या बेटाच्या पश्चिमेकडच्या डोंगरात मंगराई नावाचे लोक राहतात, त्यांतला. वर्कशॉपमध्ये त्याला सगळे फ्लोरेसवाला म्हणत. बरीच वर्षं भारतीयांबरोबर काम केल्यामुळे तो मोडकंतोडकं हिंदी बोलायचा, त्यात मधूनमधून अरबी आणि इंग्रजी. गळ्यात क्रूस होता. शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून चर्चला जायचा. असा माणूस कोंबडा हातात धरून काय बोलणार, हे मला कळेना. आणि माझ्या नावाने का?

का, ते मला खरं तर माहीत होतं. थोड्याच दिवसांपूर्वी त्याने मला मरता मरता वाचवलं होतं.

त्या दिवशी दुपारी मी मशीन रूममध्ये ऑइल काढत होतो. अमोनियाच्या यंत्रणेत कॉम्प्रेसरचं तेल तळाशी साचतं, ते अधूनमधून काढावं लागतं. रोजचंच काम होतं. तो दाराजवळच्या पॅनेलवर रीडिंग पाहत होता. मी व्हॉल्व्हला पाना लावला, किंचित फिरवला, आणि काय झालं ते कळायच्या आत फुस्स करून पांढरा लोट माझ्या तोंडावर आला. अमोनिया ज्याने हुंगलाय त्यालाच ते कळेल. नाकात वास येत नाही, सरळ सुरा जातो. डोळे आपोआप मिटतात आणि उघडत नाहीत. मी श्वास कोंडून धरला आणि दार डावीकडे आहे असं धरून चाललो. हाताला भिंत लागली. भिंत धरून पुढे गेलो तर पाइप लागले. म्हणजे मी उलटा आलो होतो. मग श्वास सुटला आणि पुढचं मला आठवत नाही.

शुद्धीवर आलो तेव्हा बाहेर रॅम्पवर पडलो होतो आणि कुणीतरी होजपाइपने माझ्या तोंडावर पाणी मारत होतं. मास्क लावलेला एक चेहरा माझ्यावर वाकला होता. त्याने मास्क काढला तेव्हा तो फ्लोरेसवाला निघाला. डोळे लालभडक होते.

हॉस्पिटलमध्ये मला ठेवून घेतलं. डोळे पुन्हा पुन्हा धुतले, ऑक्सिजन लावला. घसा इतका सोलवटला होता की बोलता येत नव्हतं. बायको रोज झिंज भागातल्या आमच्या घरून टॅक्सीने यायची. तो रोज संध्याकाळी शिफ्ट संपली की यायचा, फळं आणायचा आणि खाटेच्या पायथ्याशी उभा राहायचा. स्टूल असून बसायचा नाही. माझ्याकडे सरळ बघायचाही नाही. बायको त्याला म्हणाली, "भैया, आपने जान बचाई." त्यावर त्याने मान खाली घातली आणि लगेच निघून गेला.

"किती साधा माणूस आहे," बायको म्हणाली.

मला तसं वाटलं नाही. तो लाजाळू नव्हता. कामावर तर तो फार बडबड्या. मग इथेच त्याची जीभ का अडकते? पण घशामुळे मी काही बोलू शकत नव्हतो आणि मनातली शंका मनातच राहिली.

मग मी कामावर परतलो आणि त्याने हा पांढऱ्या कोंबड्याचा विषय काढला.

त्याने मला जे समजावलं ते असं. त्यांच्याकडे पिकं घरात आली, वर्ष नीट गेलं, कुणी आजारातून उठला, कुणी संकटातून सुटला की आभार मानायचे असतात. गावाचा मोठा सण असतो, त्याला पेंती म्हणतात. गावाच्या मधोमध गोल दगडी चौथरा असतो, सगळी घरं त्याच्याकडे तोंड करून बांधलेली. तिथे बोलणारा माणूस कोंबडा हातात धरून देवाशी आणि पूर्वजांशी बोलतो. "इथे चौथरा नाही," तो म्हणाला, "पण तू वाचलास. न बोलता राहिलो तर ते बरं नाही."

"कोणत्या देवाशी बोलणार?"

"मोरी," तो म्हणाला. "मोरी क्राएंग. वो मालिक है. बड़ा मालिक."

हा शब्द मला टोचला.

आमच्या गावात मालक म्हणजे खोत. माझे आजोबा खोताला मालक म्हणायचे आणि म्हणताना चपला हातात घ्यायचे. ग्रामदेवतेच्या देवळात गाऱ्हाणं व्हायचं, तेव्हा गावकर देवापुढे उभा राहून सगळ्या गावाच्या वतीने बोलायचा, "बा देवा म्हाराजा", आणि लोक एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणायचे. आमच्या वाडीची माणसं पायऱ्यांच्या खाली, वडाच्या पलीकडे. ढोल आमचे, कोंबडे आमचे, आणि "व्हय म्हाराजा" मात्र लांबून. गाऱ्हाण्यात आमच्या वाडीचं नाव कधी यायचं, कधी नाही, आणि आलं तर ते कसं येतं हे नीट ऐकूही यायचं नाही. माझ्या वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या दिवसापासून घरातले देव गेले, कोंबडा देणं बंद झालं. त्याच वर्षी माझी धाकटी बहीण तापाने फणफणली. सगळी वाडी सांगायला आली, देव कोपला, कोंबडा देऊन टाक. वडिलांनी तिला पाठुंगळी मारून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. ती बरी झाली, तर तेच लोक म्हणाले, देवाला दया आली. वडील चिडून म्हणाले होते, "डॉक्टरला कुणी काही म्हणत नाही. सगळं श्रेय त्याला, जो आलाच नव्हता."

तेव्हापासून आभाराच्या पूजेवर माझा विश्वास नाही. नवस एक वेळ मी समजू शकतो, माणूस घाबरलेला असतो. पण सगळं निभावल्यावर कुणाचे तरी आभार मानायचे म्हणजे आपण कुणाच्या तरी उपकारात आहोत हे कबूल करायचं. आणि उपकार करणारा मालक असला की पुढचं आम्हाला ठाऊक असतं.

घरी मी बायकोला म्हटलं, "जायचं नाही."

"का? त्याने बोलावलंय प्रेमाने."

"मला त्याने बाहेर काढलं. आभार आपण त्याचे मानायचे. हा कुणाचे मानतोय? आणि माझ्या नावाने कोंबडा का?"

"अहो, तुम्ही कापणार नाही, तुम्ही मागणार नाही. तो त्याच्या पद्धतीने करणार. जेवू आणि येऊ," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "त्या माणसाने तुम्हाला बाहेर आणलं नसतं तर मी कुठे असते आत्ता? मी जाणार."

मग मीही गेलो.

तो शहरातल्या अदलिया भागात एका जुन्या व्हिलाच्या मागच्या खोल्यांत राहायचा. त्याच्याबरोबर त्याच्याच बेटावरची आणखी काही माणसं. गच्चीवर चटया अंथरल्या होत्या, सावलीसाठी चादर बांधली होती. त्या वर्षांत बहारीनमधलं वातावरण तंग होतं. चौकाचौकात पोलिसांच्या गाड्या असत, आणि परदेशी माणसं कुठे जमलेली दिसली की बघणाऱ्यांच्या कपाळाला आठी पडायची. आम्ही जिना चढताना शेजारच्या घरातला म्हातारा बाहेर येऊन आमच्याकडे टक लावून बघत राहिला. मी मनात म्हटलं, मलाच जिथे शंका येतेय तिथे त्याचं काय चुकलं?

कोंबडा खरंच पांढराशुभ्र होता. फ्लोरेसवाल्याने खांद्यावर घरचं विणलेलं काळं कापड घेतलं होतं, त्यावर रंगीत नक्षी. त्याने चटईवर विड्याचं साहित्य ठेवलं. गावी ताडी ठेवतात म्हणे, इथे त्याने ग्लासात बिअर ओतली. कोंबडा दोन्ही हातांत धरला आणि तो बोलू लागला.

मी ऐकत राहिलो. ते पठण नव्हतं आणि गाणंही नव्हतं. वेगात, एका लयीत, जोडीजोडीने शब्द येत होते. एक शब्द आला की लगेच त्याच्या जोडीचा दुसरा. बाकीचे मधूनमधून एकदम हुंकार देत होते. माझ्या अंगावर काटा आला, कारण मी डोळे मिटले असते तर मला गाऱ्हाणंच ऐकू आलं असतं. तोच सूर, तोच होकार. फक्त या वेळी मी पायऱ्यांच्या खाली नव्हतो, चटईवर अगदी मधे बसलो होतो. आणि तरी मला एक अक्षर कळत नव्हतं.

मग माझं नाव आलं. नाव आलं आणि पाठोपाठ "नेका राबो". पुन्हा थोडं बोलणं, पुन्हा माझं नाव, पुन्हा "नेका राबो".

त्याच्या भाषेतले मला एवढेच दोन शब्द येत होते. कामावर पाना हातातून निसटून माझ्या पायाजवळ पडला की तो हसत "नेका राबो, भाई" म्हणायचा. रागावू नकोस, माफ कर, असा त्याचा अर्थ.

आभाराच्या प्रार्थनेत माफी कसली?

त्यानंतर कोंबडा कापला, भाजला. त्याने देवाचा कौल म्हणून आतड्याची एक शीर उजेडात धरून पाहिली आणि "चांगलं आहे" म्हणाला. मी विचारलं, "आणि वाईट दिसलं असतं तर?"

"तर पुन्हा बोललो असतो. पुन्हा दुसरा कोंबडा."

"म्हणजे तुमचा देव हो म्हणेपर्यंत विचारत राहायचं."

तो हसला. मी हसलो नाही. बायकोने भात आणि कोंबड्याचं आंबट कालवण आवडीने खाल्लं, मुलगी तिथल्या बायकांच्या मांडीवर खेळली. मी घासभर खाल्लं आणि उठलो. घरी येताना गाडीत बायकोने विचारलं, "काय झालं?"

"माफी मागत होता माझी. देवाकडे."

"मग?"

"काही केल्याशिवाय कुणी माफी मागतं का?"

दुसऱ्या दिवसापासून मी त्याच्यावर नजर ठेवू लागलो. आदल्या शिफ्टला त्या व्हॉल्व्हवर कोण होतं? तोच. गळती थांबवणारी दांड्याभोवतीची ग्लँड कुणी आवळली होती? त्यानेच आवळली असेल. माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जुळू लागली. हॉस्पिटलमध्ये तो माझ्या नजरेला नजर का देत नव्हता, स्टुलावर का बसत नव्हता. मला बाहेर काढलं ते आपल्या हातून झालेली चूक निस्तरायला. आणि वर देवाला कोंबडा देऊन मोकळा झाला. मी मशीन रूममध्ये त्याच्याकडे पाठ करून काम करणं बंद केलं. त्याच्या ते लक्षात आलं होतं, पण तो काही बोलला नाही. त्यामुळे माझी शंका आणखी पक्की झाली.

शेवटी मी आमच्या फोरमनकडे गेलो. तो बहारीनचाच, वयस्क, आयुष्यभर बर्फाच्या आणि थंडीच्या धंद्यात घालवलेला. त्याने कपाटातून तो काढलेला व्हॉल्व्ह आणून टेबलावर ठेवला. दांड्याच्या खालचा भाग आतून गंजाने खाल्ला होता, बोटाने खवले निघत होते.

"कुणाचा हात नाही यात," तो म्हणाला. "बाहेरून दिसलाच नसता. यल्ला, नवीन बसवलाय, कामाला जा."

मला हायसं वाटायला हवं होतं. उलट मी जास्तच बावचळलो. व्हॉल्व्ह त्याने बिघडवला नव्हता. मग माफी कशाची?

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघंच लोडिंग डॉकच्या सावलीत डबे घेऊन बसलो होतो. मी डबा उघडलाच नाही.

"त्या दिवशी गच्चीवर तू माझं नाव घेऊन नेका राबो म्हणालास. का?"

त्याने हातातला घास परत डब्यात ठेवला.

"तुला कळलं?"

"तेवढंच कळलं."

तो समोरच्या ट्रकच्या टायरकडे बघत म्हणाला, "भाई, मैं पहले भाग गया था."

"म्हणजे?"

"गॅस आला, मी पळालो. बाहेर. मास्क बाहेरच्या कपाटात असतो ना, मी तो काढला. हातात घेतला. पण आत पाय जाईना. मी उभा राहिलो. तू आतून खोकत होतास, मला ऐकू येत होतं. मग खोकणं थांबलं. तरी मी उभा होतो. नंतर गेलो. किती वेळ उभा होतो, मला माहीत नाही. तुला नाही दिसलं, बाहेर कुणी नव्हतं. फोरमन म्हणतो हीरो. तुझी बायको म्हणते जान बचाई. मी काय करू?"

माझ्या कानात गरम वारं शिरल्यासारखं झालं. खोकणं थांबलं तरी उभा होता. त्या काळोखात भिंत चाचपडणारा मी मला दिसू लागलो, आणि भिंतीच्या त्या बाजूला हातात मास्क घेऊन उभा असलेला तो.

"आणि हे तू मला नाही सांगितलंस. देवाला सांगितलंस."

"तुझ्यासमोर सांगितलं. तुझं नाव घेऊन. सगळ्यांच्यासमोर. माझ्या लोकांना सगळं कळलं, त्यांनी ऐकलं."

"मला कळत नाही अशा भाषेत!" मी ओरडलो. "मी तिथे बसलो होतो, तुझं जेवण जेवलो, आणि तू सगळ्यांना सांगितलंस माझं, मला सोडून. तुमच्या मालकाने माफ केलं, चांगली शीर दाखवली, आणि झालं? खलास?"

मी डबा उचलला आणि निघून गेलो.

घरी बायकोला सांगितलं. ती एकदम खाली बसली. तिचा चेहरा पडला होता. मला वाटलं ती आता त्याची बाजू घेईल, माणूस घाबरतो वगैरे म्हणेल. तसं ती म्हणाली नाही. म्हणाली, "बरं झालं मला हे हॉस्पिटलमध्ये कळलं नाही. मी त्याला दारातून परत पाठवलं असतं." मग थोड्या वेळाने, "पण तो शेवटी आत आला. कुणी बघत नव्हतं तरी आला."

"बघत होता ना त्याचा मालक," मी म्हणालो.

"मग तो मालक बघत असताना उभा का राहिला होता?" तिने विचारलं.

काही दिवस आम्ही कामापुरतंच बोललो. मला खरं म्हणजे त्याच्या पळण्याचा राग नव्हता. अमोनियात कुणीही पळेल, मीही पळालो असतो. राग होता तो त्या न कळणाऱ्या शब्दांचा. लहानपणी वडाच्या पलीकडून ऐकताना जे वाटायचं तेच पुन्हा. आपल्याबद्दल काहीतरी बोललं जातंय, वरच्या कुणाशी तरी, आणि आपल्याला फक्त होकार द्यायचाय.

एका संध्याकाळी शिफ्ट संपल्यावर मी त्याला गाठलं.

"तू जे बोललास ते सगळं मला समजेल असं पुन्हा बोल. हिंदीत."

"सगळं?"

"सगळं. सुरुवातीपासून."

"कोंबडा नाही."

"मला कोंबडा नकोय."

आम्ही त्याच्या गच्चीवर गेलो. ऊन उतरलं होतं, पण फरशी अजून तापलेली होती. त्याने ते काळं कापड आणून खांद्यावर घेतलं, मग काय वाटलं कुणास ठाऊक, काढून घडी करून बाजूला ठेवलं. हात मोकळे असल्यामुळे त्याला ते कुठे ठेवावेत कळत नव्हतं. मी समोर बसलो, हाताची घडी घालून. ऐकायला आलो होतो, मानायला नव्हे.

तो बोलू लागला. आधी अडखळत, मग हळूहळू ती लय त्याच्या मोडक्या हिंदीतही आली.

"सुनो. ऊपर बाप, नीचे माँ. आसमान ऊपर, ज़मीन नीचे. सूरज उधर से आता, उधर जाता, बीच में जो भी है, सब तुम्हारा. तुम मालिक, तुम..."

"थांब," मी म्हणालो. "मालिक नको."

तो गोंधळला. "मोरी का मतलब मालिक."

"असेल. माझ्या नावाने बोलतोयस ना? मग माझ्या नावापुढे मालिक नको. आमच्या गावात मालक म्हणजे कोण हे तुला माहीत नाही." आणि मी त्याला सांगितलं. खोत, हातात घेतलेल्या चपला, वडाचं झाड, सगळं. इतक्या वर्षांत बहारीनमध्ये मी कुणाला सांगितलं नव्हतं.

तो मन लावून ऐकत होता. मग म्हणाला, "आमच्याकडे पण क्राएंग म्हणजे मोठ्या घरचा. माझे आजोबा स्वतःला क्राएंग म्हणवून घ्यायचे. त्यांच्याकडे माणसं होती, काम करणारी, जाऊ न शकणारी."

"गुलाम?"

"हो, तसंच. आता नाही. पण त्यांची नातवंडं सणाला अजून कडेला बसतात. कुणी सांगत नाही बसायला. बसतात."

म्हणजे माझ्यासमोर बसलेला हा खोताचा नातू होता. माझी शंका अगदीच हवेतली नव्हती, हे कळून मला एक विचित्र समाधान वाटलं, आणि त्याच वेळी हेही जाणवलं की हे त्याने मला न विचारता सांगितलं होतं, आणि ते मला कळेल अशा भाषेत.

"मालिक नको, ठीक," तो म्हणाला. "त्याचं खरं नाव कुणालाच माहीत नाही. म्हणून आम्ही पुष्कळ नावं घेतो, दोन दोन. एक चुकलं तर दुसरं. बनानेवाला बोलूं?"

मी काही बोललो नाही. त्याने तो होकार समजला.

"तुम बनानेवाला, तुम आकार देनेवाला. माँ नीचे, बाप ऊपर. दादा, परदादा, तुम उनके पास बैठे हो, तुम भी सुनो. आज हम शुक्रिया बोलने आया. ये मेरा भाई, अमोनिया में गिरा, मरा नहीं. उसकी औरत रोई नहीं, उसकी बच्ची का बाप है. शुक्रिया. लेकिन पहले एक बात." इथे त्याचा आवाज बदलला. तो आकाशाकडे बघत बोलत होता, तो माझ्याकडे वळला. "मैं दरवाज़े पर खड़ा था. मास्क हाथ में था. भाई खाँस रहा था. मैं नहीं गया. तुमने देखा, माँ-बाप. भाई ने नहीं देखा. मैं डर गया. नेका राबो. भाई, नेका राबो. ये बात हमारे बीच में नहीं रहना चाहिए, शुक्रिया गंदा हो जाता है."

त्याला पुढचंही बोलायचं होतं, येणाऱ्या वर्षासाठी मागणं वगैरे, पण त्याला बोलवेना. गच्चीवर हुंकार द्यायला कुणी नव्हतं.

माझा देवावर विश्वास त्या दिवशी बसला नाही, नंतरही बसला नाही. पण माफी आधी आणि आभार नंतर, हा क्रम मला कळला. गावच्या गाऱ्हाण्यात मी मागणं पुष्कळ ऐकलं होतं. गावकराने कधी स्वतःचं काही कबूल केल्याचं ऐकलं नव्हतं. मी म्हणालो, "चहा कर."

तो उठला. जाता जाता पाठमोरा म्हणाला, "माफ केलं?"

"केलं म्हण. पण पुन्हा माझ्याबद्दल काही बोलायचं असेल तर मला आधी सांगायचं. वरच्यांना नंतर."

"मफी मुश्किल," काही अडचण नाही, असं अरबीत म्हणून तो डोळे पुसत जिना उतरला.

पुढे त्याने एक गोष्ट केली. फोरमनच्या मागे लागून मास्कचं कपाट दाराला लागून, हाताशी येईल असं बसवून घेतलं, आणि आम्हा सगळ्यांकडून मास्क चढवून आत जायची रंगीत तालीम पुन्हा पुन्हा करून घेतली. नवीन आलेल्यांना तो स्वतः सांगायचा, "मैं डर गया था, तुम भी डरेगा. इसलिए सीखो." हे सांगताना त्याला लाज वाटत नसे. सुरुवातीला मला त्याचाही संशय आला, पुन्हा पुन्हा सांगून हा हलका होतोय की काय. मग तो संशय मी सोडून दिला. त्याने हलकं व्हायला माझी हरकत नव्हती.

माझ्या बायकोने त्याला घरी बोलवायला मात्र बरेच महिने घेतले. एक दिवस तिनेच मासे केले आणि म्हणाली, त्याला बोलवा. तो आला तेव्हा आमच्या भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीसमोर थोडा वेळ उभा राहिला. आम्ही बुद्धवंदना कशी म्हणतो ते त्याने विचारलं आणि ऐकून म्हणाला, "तुम लोग किसी से कुछ माँगते ही नहीं?" बायको म्हणाली, "नाही. जे करायचं ते आपणच करायचं." त्याला ते फार एकाकी वाटलं असावं. त्याच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल पहिल्यांदा काळजी दिसली.

काही वर्षांनी त्याचा करार संपला आणि तो गावी गेला. जायच्या आधी म्हणाला, "घरी पहिल्या पेंतीला चौथऱ्यापाशी तुझं नाव घेईन."

"घे," मी म्हणालो, "पण हेही सांग की तो मानत नाही."

"सांगेन. त्यांनाही कळू दे."

"आणि ती कडेला बसणारी माणसं?"

"बोलून बघेन," तो म्हणाला.

तो बोलला की नाही, मला कधी कळलं नाही. माणूस चांगला होता. पण गावी गेल्यावर, सगळे आपले समोर असताना, आजोबांच्या चौथऱ्यापाशी उभं राहून ही गोष्ट तोंडातून काढणं अवघड असतं, हे मी माझ्या गावावरून जाणतो. तिथे त्याला मास्कही मिळणार नव्हता.